ओहाऊच्या वाटेवरचा कळप

बाबांनी नोएलीनला तळी दाखवायला न्यायचं ठरवलं आणि मला मागच्या सीटवर बसवलं. "तू असलीस की बरं दिसतं," म्हणाले. बरं दिसायचं काही उरलं नव्हतं. आमच्याकडे समोरून गाडी आली की स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून ओळख द्यायची ही रीत, आणि बोट उचलता उचलता शेजारी कोण बसलंय ते बघून घ्यायचं हीही रीतच. फेअरली गाव सोडून घाट चढेपर्यंत इतकी बोटं उचलली गेली की जेवणवेळेपर्यंत गावभर झालंच असणार.

नोएलीनचा नवरा फ्रँक मागेच गेला होता, आणि ती या महिन्याअखेरीस कायमची ब्रिस्बेनला, मुलाकडे चालली होती. तिथे त्याने तिच्यासाठी खोलीसुद्धा रंगवून ठेवली होती. बाबांना तिला आज सांगायचं होतं की जाऊ नका, माझ्याकडे राहायला या. आठवडाभर ते वाक्य माझ्यापुढे घोकत होते. सरळच सांगते, मलाही ती हवी होती. आई गेल्यापासून बाबा ओट्याशी उभ्या उभ्याच टोस्ट खातात, ते मला बघवत नाही.

टेकापोच्या तळ्याशी पाणी निळंशार, तिथे बोलायला काय हरकत होती? पण जन्मभर मेंढ्या पाळलेला माणूस, तळ्याकडे पाठ करून दुसऱ्याच्या रानात बघत बसला.

"ती मागची मेंढी लंगडतेय बघा. खुरं कापलेली नाहीत मेल्याने."

पुढे पुकाकीच्या तळ्याशी ढग हटून बर्फाचा डोंगर लख्ख दिसत होता. बाबा कुंपणाचा खांब हलवून बघत होते.

"बाबा, डोंगर," मी दात खाऊन म्हटलं.

"तो कुठे पळून चाललाय? हा खांब मात्र येत्या हिवाळ्यात पडणार."

"छान आहे हो सगळं," नोएलीन म्हणाली. दुसऱ्याच्या घरी बेचव चहा प्यायल्यावर म्हणतात तसं.

ओहाऊ तळ्याच्या रस्त्यावर वळलो तर समोर रस्ताभर मेंढ्या. मागे मोटरसायकलवर एक बाई आणि दोन कुत्री. डावीकडे कळपाला आत घ्यायचं फाटक उघडं, उजवीकडे कुंपण तुटून झाडीत जायला मोकळी वाट. अशा वेळी गाडीत बसून राहणारा माणूस आमच्याकडचा नव्हे. आम्ही तिघंही उतरलो.

"नोएलीन, तुम्ही त्या तुटक्या जागेशी उभ्या राहा," बाबा अदबीने म्हणाले आणि स्वतः फाटकाकडे गेले.

कळप फाटकाशी आला, थबकला, आणि एकदम उजवीकडे फिरला. नोएलीनच्या दोन्ही बाजूंनी मेंढ्या झाडीत घुसल्या. मग बाबांनी तो आवाज काढला. तो आवाज ऐकून आई कित्येकदा रानातून तडक घरी चालत गेली होती.

"अगं हात पसर! हात! डोळे फुटले का तुझे?"

मी कपाळावर हात मारला. गेली ब्रिस्बेनला.

"माझे नाही, तुझे फुटलेत!" नोएलीन त्यांच्यापेक्षा वरच्या पट्टीत ओरडली. "फाटकाच्या मधोमध खुंटासारखा उभा आहेस! आत जातील कुठून, तुझ्या डोक्यावरून?"

बाबांनी खाली पाहिलं. खरंच मधोमध उभे होते. निमूटपणे बाजूला सरकले. कुत्र्यांनी झाडीतल्या मेंढ्या हुसकून आणल्या, नोएलीनने हात पसरले आणि सगळा कळप सरसर आत गेला. मोटरसायकलवाली हसू दाबत निघून गेली.

गाडीत बसलो. बाबांचे कान लाल झाले होते. घोकलेलं वाक्य पार विसरले असावेत, कारण भलतंच बोलले.

"माफ करा. मी असं ओरडायला नको होतं."

नोएलीन पांढऱ्या बुटावरची लेंडी काडीने खरवडत होती.

"फ्रँक गेल्यापासून माझ्यावर कोणी ओरडलंच नाही, लेस्टर," ती म्हणाली. "सगळे हळू बोलतात. मुलगा तर फोनवर असा बोलतो, जसं काही मी आजारीच आहे. आणि ती खोली. त्या खोलीत आयुष्यभर माझ्याशी सगळे हळूच बोलणार."

बाबा किल्ली न लावताच तिच्याकडे वळले.

"मग नका ना जाऊ," ते म्हणाले.

"मोठ्याने सांग," ती म्हणाली.