कडुलिंब फासलेला चमचा

मी एक जुना जर्मनचा, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा चमचा आहे, मित्रांनो. माझ्या दोन्ही कडा आत वळलेल्या आहेत, म्हणून पाहुण्यांपुढे मला कुणी ठेवत नाही. पण हा बाक म्हातारपणाचा नाही, कमाईचा आहे.

उदगीरच्या बाजारातून सरजाबाईंनी मला देवणीला आणले. पुष्कळ वर्षे मी तिखटाच्या डब्यात पडून होतो. मग एका साली पावसाने दडी मारली आणि पुढच्या चैत्रात आंब्याचे वाळलेले झाड तोडताना ढोलीतून पोपटाचे उघडेबोडके पिल्लू खाली पडले. सरजाबाईंची लेक पंचशीला त्याला पदरात घालून घरी आली. सरजाबाईंनी मला पाट्यावर धरून वरवंट्याने ठोकले, पन्हाळीसारखा निमुळता केला आणि ज्वारीच्या पिठाची कोमट पेज माझ्यात भरली. पिल्लाने मान हलवत ती गटकली. मी त्याची आई झालो! कशाला खोटे बोलू, मला फार अभिमान वाटला.

हिरवी पिसे फुटली, पिल्लू उडून चौकटीवर बसू लागले, तरी खाणे माझ्याकडूनच. भिजवलेले हरभरे ठेवले तर पाठ फिरवी आणि मला पाहून टाहो फोडी. सरजाबाई म्हणत, "साहेब हाय त्यो. साहेबाला भरवायला चपराशी लागतो." तेच त्याचे नाव पडले.

त्याच सुमारास लातूर वेगळा जिल्हा व्हायचे ठरले. नव्या कचेरीत पंचशीलाला टायपिस्टची नोकरी लागली. घरातली ती पहिलीच सरकारी नोकरी. सरजाबाई सकाळीच दुष्काळी कामावर खडी फोडायला जात, त्या दिवेलागणीला परतत. मग दिवसभर भरवणार कोण? पंचशीला लातूरला जायला बारा दिवस होते. तेवढ्या दिवसांत साहेब आपल्या चोचीने खायला शिकला नाही, तर उपाशी मरणार होता.

"लेकराचं दूध तोडताना काय करतेत? लिंब लावतेत," सरजाबाई म्हणाल्या. "तुला बी तसंच तोडलं." त्यांनी कडुलिंबाचा पाला वाटून माझ्या अंगाला जाड फासला. मी खट्टू झालो. आता हा मला थुंकून टाकणार!

साहेबाने मला चाटले. पुन्हा चाटले. मग पाट्याजवळ उरलेल्या डहाळीवर झडप घालून पाने कुरतडू लागला.

"अगं बाई, हे तर मिटक्या मारून खायलंय!" सरजाबाईंनी कपाळावर हात मारला.

"माय, लिंबोळ्या तर त्याचंच खाणं हाय," पंचशीला म्हणाली. "पेज शिजवायच्या नादात मीच इसरले." तिने दारच्या कडुलिंबाची पिकल्या लिंबोळ्यांची डहाळी आणून चौकटीला बांधली.

पुढचे दिवस सोपे नव्हते, मित्रांनो. साहेब लिंबोळी उचली, टाकी आणि पुन्हा माझ्यासाठी रडे. पंचशीलाने आधी दुपारची पेज बंद केली, मग सकाळची. संध्याकाळी मात्र ती त्याच्या गळ्याखालची थैली बोटाने चाचपून बघे. रिकामी असली तर मला बाहेर काढी. उपाशी त्याला एकदाही झोपवले नाही.

"दे की गं एक चमचा," सकाळी कामावर निघताना सरजाबाई कळवळून म्हणत.

"न्हाई माय. आज लाड केले तर मी गेल्यावर मरंल त्यो."

मला दात नाहीत, नाहीतर मी तिच्यावर दातओठ खाल्ले असते.

अकराव्या संध्याकाळी थैली टम्म होती. तरीही पंचशीलाने शेवटची म्हणून पेज भरून मला पुढे केले. साहेबाने चोचीने मला बाजूला सारले. पेज सांडली. दुष्काळात सांडलेल्या पेजेवर सरजाबाई एरवी ओरडल्या असत्या, पण त्या डोळ्याला पदर लावून हसत होत्या. मला वाईट वाटले का? वाटले. पण त्या दिवशी माझे काम खरे पुरे झाले.

पंचशीला एसटीने लातूरला गेली. साहेब महिनाभर दारच्या झाडावर राहिला, मग थव्याबरोबर उडून गेला. मी परत तिखटाच्या डब्यात आलो.

मित्रांनो, ज्याला भरवाल त्याला आपल्या हातावाचून जेवायलाही शिकवा. उपाशी ठेवून नको, लाडाने बांधूनही नको. आणि एक विनवणी आहे. मला पाहुण्यांपुढे मांडायला म्हणून माझ्या कडा सरळ करू नका. दारच्या कडुलिंबाला आता ढोली पडली आहे, आणि तिच्यात पोपट ये-जा करतात.