सातव्या होलची जागा

टेंभरी तांड्याच्या टेकडीवरचा गोल्फचा सातवा होल अखेर रस्त्यात गेला. फाट्याकडे जाणाऱ्या नव्या रस्त्यावर, चौदाव्या किलोमीटरच्या दगडापासून साठ पावलं पुढे, डाव्या अंगाला तो अंथरलेला आहे, आणि त्याच्यावरून रोज नेरची बस जाते.

पण हे आपण ऐकलं नाही. असं काही झालंच नाही. होल जागेवर आहे, त्यात काठी उभी आहे, काठीला चिंधी आहे, आणि पायथ्याशी शाम ट्रॅक्टरवर बसून डावा पाय असा हलवतोय की बंद ट्रॅक्टरही चालू असल्यासारखा थरथरतोय.

शामला एका जागी बसवत नसे. जेवतानाही तो ताट हातात घेऊन अंगणभर फिरायचा. त्याची आई सुखीबाई म्हणायची, "बस ना रे बाप्पा. भाकर कुठं पळून नाही चालली." गेल्या तीन आठवड्यांपासून मात्र त्याच्या तगमगीला कारण होतं. टेकडी पळून चालली होती. गायरानातली ही टेकडी रस्त्याच्या मुरमासाठी मंजूर झाली होती. तांड्यातलाच देवीलाल जेसीबीने तिला पूर्वेकडून खात होता, आणि खाल्लेला भाग वाहून नेणाऱ्या चार ट्रॅक्टरांपैकी एक शाम चालवायचा. म्हणजे दिवसभर टेकडी न्यायची आणि संध्याकाळी ती वाचवायचे अर्ज लिहायचे. दोन्ही कामं तो सारख्याच तळमळीने करायचा.

टेकडी वाचवायची होती ती भीमसिंगकाकासाठी. भीमसिंग शामच्या बापाचा धाकटा भाऊ. तरुणपणी तो पुण्याकडे एका गोल्फच्या मैदानावर अकरा वर्षं गवत कापायला होता. परतला तेव्हा सात नंबरची एक लोखंडी काठी, पोतंभर जुने चेंडू आणि एक मत घेऊन आला. मत असं, की साहेब लोकांना होल काढता येत नाहीत. मग त्याने टेकडीवर स्वतः नऊ होल काढले. त्याला आता एकतीस वर्षं झाली. गवत कापायचं काम शेळ्यांकडे. काठी एकच, ती सगळ्यांत फिरायची. चेंडू सुखीबाईच्या तुरीत गेला तर दंड म्हणून तुरीची एक ओळ निंदून द्यायची. त्यामुळे तांड्यातल्या पोरांचा नेम सुधारू नये अशी सुखीबाईची मनापासून इच्छा असे.

काकाचा गुडघा गेला तेव्हा डॉक्टरने चढायला मना केलं. काकाने डॉक्टरला मना केलं. खेळणं सुटलं, पण रोज सकाळी तो नऊही होल पायी फिरून यायचा. "सपाटीवर मले चक्कर येते," म्हणायचा. आता जेसीबी सातव्या होलपासून वीस पावलांवर आला होता, आणि टेकडी सपाट झाली की हा माणूस चालणार कुठे, या विचाराने शामचा पाय हलत होता.

अशात त्याला एक परिपत्रक सापडलं. जिल्ह्यात दर खेळाचं एक पारंपरिक मैदान नोंदवायचं होतं, आणि नोंदलेल्या मैदानावर कुदळ लावता येणार नव्हती. कबड्डी, खो-खो, कुस्ती हे रकाने भरलेले. गोल्फच्या रकान्यात एकच अर्ज होता, तोही झरी जामणीकडचा. तिथेही कोणीतरी डोंगरावर होल काढून बसलं होतं. शामने अर्ज ठोकला. उत्तर आलं की दोन्ही ठिकाणच्या होलांच्या रचनेची तुलना करण्यासाठी मंगळवारी निरीक्षक येतील.

शामने मोबाइलवर परदेशातली डोंगरी मैदानं पाहिली. तिथे एकसारखे, कडक, नवे झेंडे फडफडत होते. काकाच्या काठ्यांना सुखीबाईच्या जुन्या फेटियाच्या, म्हणजे घागऱ्याच्या चिंध्या होत्या. उन्हाने त्यांचा रंग इतका गेला होता की आधी कोणता होता यावर घरात दोन मतं होती. रविवारी दुपारी शामने घर उपसलं, पेटीवर एक लांबच लांब स्वच्छ कापड दिसलं, त्याचे नऊ तुकडे केले, नऊ काठ्यांना बांधले आणि धापा टाकत खाली आला. कापड पांढरं होतं.

बंजाऱ्याच्या तांड्यात पांढरा झेंडा सेवालाल महाराजांचा. हे शामला चालता यायच्या आधीपासून माहीत होतं. पण माहीत असलेली गोष्ट आठवायला माणसाला क्षणभर उभं राहावं लागतं, आणि तेवढंच शामला जमत नसे.

सोमवारी सकाळी सुखीबाई शेळ्या घेऊन वर गेली. वर नऊ पांढरे झेंडे. ती तशीच माघारी आली, तूप-गूळ घेऊन पुन्हा चढली, गोवरीच्या निखाऱ्यावर भोग लावला आणि पदर पसरून अरदास केली. नऊ वाजेपर्यंत अर्धा तांडा टेकडीवर. देवीलालने वर पाहिलं, जेसीबी बंद केला, चपला काढून खाली ठेवल्या आणि हात जोडून उभा राहिला. शामचा बाप रूपसिंग सगळ्या झेंड्यांच्या पाया पडून खाली आला.

"लई साजरे झेंडे लावले कोणी तरी," तो म्हणाला. "शाम, माझं धोतर पाह्यलं काय रे? पेटीवर ठेवलतं."

खरं सांगायला शामने चारदा तोंड उघडलं. पण तीन आठवड्यांत पहिल्यांदाच टेकडीवर आवाज नव्हता. शेळ्यांच्या गळ्यातल्या घंट्या इथवर ऐकू येत होत्या. त्याने चारदा तोंड मिटलं, आणि दिवसभर घर ते टेकडी अशा इतक्या चकरा मारल्या की मधल्या वाटेवरचं गवत बसलं.

मंगळवारी संघदीप वाकोडे नावाचा तरुण निरीक्षक मोटारसायकलवर आला. त्याचा विषय कुस्ती. गोल्फ त्याच्याकडे आला, कारण कार्यालयात पेट्रोलसकट गाडी त्याचीच होती. शाम आणि काका त्याला घेऊन वर चढले. मागून सुखीबाई, रूपसिंग, देवीलाल आणि उरलेला तांडा.

"काल झरी जामणीले गेलतो," संघदीप फाइल उघडत म्हणाला. "त्यांचा चौथा होल एकदम सरळ आहे. पायथ्यापासून शेंड्यापर्यंत एक रेघ. नकाशात लई छान दिसते."

"नकाशात बैल चढत नाही, साहेब," काका म्हणाला.

"बैल?"

"आमचे आजे-पणजे बैलावर मीठ लादून हिंडत. लादलेला बैल टेकडीले समोरून भिडत नाही. तो तिरपा जाते, जराशी सपाटी पाहून दम घेते, मंग उलटा तिरपा. जिथं बैल थांबन तिथं होल. सरळ चढावर होल काढणारा माणूस जन्मात ओझं घेऊन चढला नसन. किती हायेत त्यांचे?"

"अठरा."

"अठरा वेळा थांबणारा बैल बाजारात कोणी फुकट नेणार नाही."

संघदीपने लिहून घेतलं. "पण त्यांचा सहावा पाहा. मधात सागाचं झाड हाय. चेंडू झाडाले वळसा देऊनच न्या लागते."

काका थांबला. गुडघ्यावर एक हात ठेवून दुसऱ्या हाताच्या बोटाने हवेत वळसा काढून पाहिला. "हा मात्र चांगला. कोणी काढला?"

"तिथं त्यांची म्हैस बसे म्हणतात."

"मंग म्हशीले डोकं हाय."

असं करत ते सातव्यापाशी आले. हा काकाचा आवडता. खालून मारताना होल दिसतच नाही, मध्ये टेकडीची धार येते. धारेवरच्या मोहाच्या झाडावर नेम धरायचा आणि मारायचं. पुढचे खेळून बाजूला झाले की मोहाला टांगलेली बैलाची घंटा वाजवतात. घंटा वाजेपर्यंत खालच्याने काठी उचलायची नाही.

"न दिसणारा होल!" संघदीप खूश झाला. "याचा वेगळा रकाना हाय. झरीवाल्यांकडे असा एकही नाही." त्याने पान उलटलं आणि मग पहिल्यांदाच झेंड्याखालचा गूळ, निखारे आणि हात जोडून उभा असलेला देवीलाल नीट पाहिला. "हे मैदान हाय का श्रद्धास्थान?"

सगळा तांडा शामकडे पाहू लागला. मैदान म्हटलं तर सुखीबाईचा भोग कशाला लागला होता हे सांगावं लागणार. श्रद्धास्थान म्हटलं तर एकतीस वर्षं काका टेकडीवर काय करत होता?

"दोन्ही," शाम म्हणाला.

"दोन्हीचा रकाना नाही, भाऊ."

"मंग थोडं इकडं थोडं तिकडं अशी मधात खूण करा ना."

"मधात छापील रेघ हाय."

शामने इथून तिथे दोन चकरा मारल्या. तोवर काका लंगडत काठीपाशी गेला. त्याने पांढरं कापड सोडलं, घडी घातली, कपाळाला लावलं आणि सुखीबाईच्या हातात दिलं. खिशातून जुनी चिंधी काढून काठीला बांधली.

"भाभी, बाकीचे आठ तुमचे. हा माझा."

मग मात्र शामला धीर निघाला नाही. "याडी," तो आईला म्हणाला, "तो झेंडा नाही वं. ते बापूचं धोतर हाय. म्या फाडलं."



"मले काय सांगतं?" सुखीबाई म्हणाली. "वीस वर्षं धुतलं ते म्या. काठ पाह्यला तवाच ओळखलं."

"मंग भोग काहून लावला?"

"टेकडी राहू दे म्हणून मागितलं. मागणं खरं होतं का नाही? कापडाचं सेवालाल बापू पाहून घेतीन."

"म्हणजे सापडलं," रूपसिंग म्हणाला. त्याच्या मनावरचं मोठं ओझं उतरलं.

काका खाली गेला, मागून सगळेच उतरले. सात नंबरची काठी घेऊन, दुखरा गुडघा मागे ठेवून उभा राहिला. "साहेब, तुलना कागदावर नाही होत," म्हणाला, आणि त्याने मारलं. चेंडू मोहाच्या डाव्या फांदीजवळून धारेपलीकडे गेला आणि दिसेनासा झाला. आता कोणीतरी वर जाऊन पाहायला हवं होतं. शाम आधीच निम्म्या चढावर पोहोचला होता.

चेंडू होलपासून हातभर अंतरावर थांबला होता. बरोबर तिथे, जिथे लादलेला बैल थांबला असता. शामने घंटा वाजवली. खालून काकाचं हसणं ऐकू आलं. पूर्वेकडे जेसीबीचं रिकामं फावडं उन्हात चमकत होतं. शाम बराच वेळ उभा राहिला. मग त्याच्या लक्षात आलं की त्याचा पाय हलत नाहीये.

संघदीपने सातव्यापुढे "उत्कृष्ट" लिहिलं आणि दोनदा अधोरेखित केलं. हा त्याच्या नोकरीतला सगळ्यात धाडसी शेरा होता.

निकाल पंधरा दिवसांनी आला. नऊपैकी आठ ठिकाणी पूजा होत असल्याने ते मैदान नाही. एका ठिकाणी खेळ होत असल्याने ते श्रद्धास्थान नाही. उरलेला एकच होल रचनेच्या दृष्टीने जिल्ह्यात सर्वोत्तम आहे, परंतु एका होलाचे मैदान नोंदवण्याची तरतूद नाही. सबब गोल्फ हा खेळ झरी जामणी येथे नोंदवण्यात येत आहे.

दुसऱ्या दिवशी देवीलाल शामकडे आला. मान खाली. "आठ ठिकाणी माझा हात नाही उठत. तिथं मशीन जाणार नाही, मी लिहून देतो. पण सातव्यावर झेंडा नाही. वरून फोनवर फोन येऊन राह्यले. काय करू?"

सुखीबाई ते कापड घेऊन काकाकडे गेली. "बांधून देते. कोणाले काय समजते?"

"नाही भाभी," काका म्हणाला. "खेळलेल्या होलावर झेंडा नाही लावत. तुमचं मागणं खरं होतं, माझं खेळणंही खरं होतं."

सातवा होल तीन ट्रॉल्यांत मावला. तिन्ही शामच्याच नशिबी आल्या. तो चौदाव्या किलोमीटरच्या पुढे गेला, ट्रॉली उचलली आणि डाव्या अंगाला रिकामी केली. पण हे आपण पहिल्यांदा ऐकलं नव्हतं, तर आताही ऐकायचं कारण नाही.

अडचण एवढीच की काकाने ऐकलं. टेकडीवर आता आठच होल आहेत, तरी तो सकाळी नऊही फिरतो. सहाव्यावरून उतरून थेट रस्त्याला लागतो, सातवा करायला चौदाव्या किलोमीटरपर्यंत जातो, आणि आठवा-नववा करायला पुन्हा वर चढतो. रस्ता सपाट आहे, त्यामुळे सातव्यावर त्याला चक्कर येते आणि तो डाव्या अंगाला क्षणभर उभा राहतो. तिथे वळण आहे. येणारी बस दिसत नाही. मोहाची घंटा शामने सोडवून आणून किलोमीटरच्या दगडाला बांधली आहे. रोज सकाळी तो काकाच्या मागे पन्नास पावलांवर चालतो, मध्येच धावतो, वळणावर जाऊन कान लावतो, परत येतो. बस गेली की घंटा वाजवतो. मग घरी येऊन ट्रॅक्टरवर बसतो आणि मांडीवर कागद धरून लिहितो. पाय हलत असल्याने अक्षर वाकडं येतं. सध्याचा अर्ज सतरावा आहे:

"प्रति, सक्षम अधिकारी. विषय: रस्त्यात समाविष्ट झालेला होल क्रमांक सात परत मिळणेबाबत. महोदय, उपरोक्त होल अर्जदाराने स्वहस्ते रिकामा केला असल्याने त्याचे ठिकाण निश्चित आहे, शोधण्याचा त्रास पडणार नाही. तरी सदर मुरूम रस्त्यातून अलगद काढून मूळ चढासह, मूळ तिरपेपणाने, मोहाच्या झाडाच्या पूर्वेस पूर्ववत रचून देण्यात यावा. तसे होईपर्यंत नेरकडून येणाऱ्या बसच्या चालकास लेखी आदेश व्हावेत की, चौदाव्या किलोमीटरच्या वळणाअलीकडे बस उभी करावी, पुढील खेळाडू सुरक्षित बाजूला झाल्याची घंटा वाजेपर्यंत प्रवाशांसह थांबावे, व तोपर्यंत काठी उचलू नये, ही नम्र विनंती."