मापांच्या वहीतला डाव

गिऱ्हाईक आरशासमोर हात पसरून उभं होतं. मी मापांची वही उघडली आणि मोठ्याने वाचलं, "राग अर्धा तास टिकतो. मध्ये बोलू नये."

"काय म्हणालात?" बाईंनी मान वळवली.

"काही नाही," म्हटलं आणि वही मिटली. घरून निघताना चुकीची वही उचलली गेली होती.

माझं शिवणकामाचं दुकान आहे. निळ्या पुठ्ठ्याच्या लांबट वह्या मी मापांसाठी डझनाने आणते. त्यातल्याच आमचे हे पोकरसाठी नेतात. न्या म्हणणारीही मीच. ह्यांची नोकरी घरोघरचे विजेचे मीटर वाचायची, आणि दर रविवारी संध्याकाळी केमिस्टच्या मागच्या खोलीत चौघांचा पोकरचा अड्डा. आधी सारखे हरायचे आणि घरी येऊन पत्त्यांना शिव्या घालायचे. मग कुठेसं वाचलं, की पट्टीचे खेळाडू नेमाने वही लिहितात. कोणती पानं आली, आपण काय केलं, कुठे चुकलो, समोरचा कशावरून ओळखू आला. ह्यांनी नेम धरला. हरलेला डाव आधी लिहायचा, मग जेवायचं. पाच वर्षं एक रविवार चुकला नाही, आणि जिंकूही लागले. मला मेलीला कौतुक!

बाई गेल्यावर दाराला कडी घातली आणि वाचायला बसले. आधी हसूच आलं. "केमिस्ट: पानं चांगली असली की चहा निवू देतो." "सुतार: हूल देताना फार बडबडतो." अगदी खरं. आमचं कपाट कधी देणार हे सांगतानाही तो असाच बडबडतो. पान उलटलं. वर एकच शब्द होता. "बायको."

अक्षर तेच, नीटनेटकं. "'बघू' म्हणाली म्हणजे नाही. 'तुम्हीच बघा' म्हणाली म्हणजे अर्धं हो." "खोटं बोलायचं असलं की हातात कात्री घेते." मग ते रागाचं, अर्ध्या तासाचं. आणि त्याखाली, "नंतर शेजारी बसून सुईत दोरा ओवून द्यावा. विरघळते."

माझं पित्त खवळलं.

चार वर्षं झाली, चष्मा लावूनही मला सुईचं नेढं दिसत नाही. हे येऊन शेजारी बसायचे, काही न बोलता सुई घ्यायचे, दोरा ओवून, गाठ मारून हातात द्यायचे. मी बहिणीला सांगायचे, "अगं, तोंडाने बोलत नाहीत, पण जीव आहे हो माझ्यावर." ती कपाळाला हात लावायची. तिचंच बरोबर निघालं, याचाही मला राग आला.

पानाच्या तळाशी शेवटची नोंद होती. "दुकान: तीनदा हरलो. चौथा डाव रविवारी जेवणानंतर. आधी दोरा."

ह्यांना परगावच्या मोठ्या स्पर्धेत उतरायचं होतं. त्यासाठी मी दुकानाची जागा सोडायची, मालकाकडची अनामत उचलायची आणि मशीन घरी पलंगाशेजारी लावायचं. करार माझ्या नावावर, तेव्हा सही माझी हवी. बावीस वर्षं याच जागेत मशीन चालवून मी घरात ताठ मानेने वावरले. तीनदा "बघू" म्हणून झालं होतं.

रविवारी मी मुद्दाम भांडण उकरून काढलं. ह्यांनी ओला टॉवेल खुर्चीवर टाकला, एवढं निमित्त पुरलं. दुपारचं जेवण गप्पगप्प झालं. मी बटणं लावायला बसले. ह्यांनी भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. थोड्या वेळाने परत पाहिलं. बरोबर अर्धा तास झाल्यावर उठले, शेजारी येऊन बसले, आणि माझ्या हातातली सुई घेतली.

दोरा ओवला, गाठ मारली, सुई दिली. "मी काय म्हणत होतो, त्या दुकानाचं..."

मी दोरा ओढून काढला आणि मांडीखालची वही समोर ठेवली.

ह्यांनी वही ओळखली. "अगं, ते खेळापुरतं आहे. मी सगळ्यांचंच लिहितो. माझ्या स्वतःच्या चुकासुद्धा लिहितो."

"मला पानं कधी वाटलीत हो? मी खेळतेय हे मला सांगितलंत कधी?"

"तुला दुखवायचं नव्हतं गं."

"सही होणार नाही. आज नाही, उद्या नाही, कधीच नाही." मी दोन्ही हात पसरून दाखवले. "कात्री नाहीये हातात. नीट बघून घ्या."

मी इथेच थांबले असते तर बरं झालं असतं. पण आत काहीतरी ठसठसत होतं, ते मला गप्प बसू देईना.

"एक सांगा. चार वर्षांत एकदा तरी नुसताच ओवून दिलात का दोरा? माझ्याकडून काही नको असताना?"

नुसतं "हो" म्हणाले असते तरी चाललं असतं. खोटं असलं तरी चाललं असतं, मी मूर्खासारखा विश्वास ठेवला असता. पण ह्यांनी कपाळाला आठ्या घातल्या, वही ओढली, आणि एकेक रविवार तपासत मागे जाऊ लागले.

मी सुई घेऊन खिडकीशी उजेडात गेले. सात वेळा दोरा चुकला. आठव्यांदा आत गेला, तेव्हाही मागे पानं उलटतच होती.