ताटलीत उभा राहिलेला भाला

कचेरीच्या अंगणात अख्खं गाव लोटलं होतं. पितळी ताटलीत तीन दातांचा भाला सरळसोट उभा, वर डुकराचं मुंडकं खोचलेलं, आणि कुणाचा हातसुद्धा लागलेला नाही! म्हातारेकोतारे धडाधड जमिनीला डोकं टेकू लागले.

"हूंऽऽ! मी आलेय गं मक्दोक, तुझी मेलेली आई!" देवऋषीण घुमत होती. "क्वाक मालकांची गुलाम होते मी! जन्मभर त्यांचं पाणी भरलं! भाला उभा आहे, म्हणजे माझा शब्द खरा!"

कोरियातला कायदा मक्दोकला पाठ होता: आई गुलाम तर लेक गुलाम, नातही गुलाम. अकरा वर्षांची लेक बुनी तिच्या कमरेला घट्ट बिलगली होती, आणि जमीनदार क्वाकचा कारभारी पोरीला न्यायला दोरी घेऊनच आला होता. आई तर जन्मभर मिठाच्या भट्टीवर राबली, क्वाकचा उंबरा तिने कधी पाहिला नव्हता. पण मेलेल्या बाईची साक्ष खोडणार कोण?

"ऐकलंत ना, अंमलदारसाहेब?" क्वाक दाढी कुरवाळत म्हणाला.

मक्दोकने ताटलीकडे निरखून पाहिलं. भाला ठेवण्याआधी देवऋषिणीने 'शुद्धीसाठी' मूठभर मीठ ओतलं होतं, मग फुंकर मारून उडवलं होतं. भाल्याच्या बुडाशी चार खडे उरले होते. अशाच चिमूटभर मिठावर अंडं उभं करून मक्दोक बुनीला हसवायची! आणि हे मीठही तिच्याच भट्टीतलं, खंड म्हणून क्वाकने उचलून नेलेलं. माझंच मीठ, आणि माझ्याच पोरीच्या मुळावर!

"आई, जन्मभर पाणी भरलंस ना? मग आता घोटभर पी की!" म्हणत तिने तुंबाभर पाणी ताटलीत ओतलं. खडे वाहून गेले. भाला डुलला आणि मुंडक्यासकट क्वाकच्या पायाशी आदळला.

"विटाळ झाला!" देवऋषीण किंचाळली.

"बरं, ताटली पुसून देते. कर पुन्हा उभा. मीठ मात्र नाही हं!"

देवऋषिणीने तीनदा उभा केला, तीनदा पडला. मग मक्दोकने कनवटीचं चिमूटभर मीठ टाकलं, भाला तोलला, हळूच फुंकर मारली. "आई, तू गुलाम नव्हतीस ना?"

भाला ताठ उभा!

"मालक, तुमच्याही आईला बोलावू का? तीही सांगेल, मी मक्दोकची गुलाम होते म्हणून!"

गाव खदाखदा हसलं. अंमलदाराने घसा खाकरून दावा फेटाळला. न फेटाळून करतो काय! कारभाऱ्याने दोरी गुंडाळली.

मक्दोक मात्र लोकांवरच भडकली. "दात काय काढताय? हाच भाला पेरणीच्या आधी उभा राहिला, आणि देवाची आज्ञा म्हणून चाळीस दिवस या क्वाकच्या बांधावर फुकट दगड वाहिलेत! माझ्या नवऱ्याची पाठ तिथेच मोडली. अरे, देव दर वेळी मालकाच्याच बाजूने कसा बोलतो, एकानेही विचारलं नाही? पुढच्या वेळी भाला उभा राहिला, की पाया पडायच्या आधी ताटली पुसा!"