भावोजींचा शब्बाथ

"माणसाने गेली दोन हजार वर्षं चुकीच्या दिवशी विश्रांती घेतली आहे!" शनिवारी सकाळी लाँड्रीतल्या स्टुलावर उभं राहून भावोजींनी जाहीर केलं. मानवजातीतर्फे ऐकायला मी आणि ताई, असे दोघेच हजर होतो. ताई म्हणाली, "आधी खाली उतरा. पायाखाली गिऱ्हाइकाचा कोट आहे."

भावोजी स्टुलावरून उतरले, मुद्द्यावरून नाही. देवाने सातव्या दिवशी विसावा घेतला, सातवा म्हणजे शनिवार, तोच शब्बाथ, आणि आजपासून आपण तो पाळणार. त्यांनी इस्त्री बंद केली आणि काउंटरमागे हाताची घडी घालून बसले. बसायची सवय नसल्याने ते शिक्षा झाल्यासारखे दिसत होते.

घोळ असा, की मंडळी रविवारी चर्चमध्ये कडक इस्त्रीत येते ती भावोजींच्या शनिवारच्या जिवावर. तीस वर्षं त्यांचा शनिवार उभ्यानेच गेला. रविवारी तरी पाठ टेकावी, तर लोक उपासनेलाच गाठोडी घेऊन येत. "इथे भेटताच आहात, तर देऊन टाकतो." मागच्या रविवारी भावोजींनी प्रार्थनेला डोळे मिटले आणि आमेन म्हणून उघडले, तर मांडीवर कुणाचा तरी पडदा.

साडेदहाला आमच्या चर्चचे तरुण पाळक पावती घेऊन आले.

"काका, माझा झगा?"

"शब्बाथ आहे."

पाळकांचा चेहरा उजळला. इतकं शिकून आल्यापासून त्यांच्याशी असा विषय कुणी काढलाच नव्हता.

"अहो काका, रविवारी पहाटे प्रभूची कबर रिकामी सापडली! आठवड्याचा पहिला दिवस. म्हणून शिष्य त्या दिवशी भाकर मोडायला, म्हणजे प्रभुभोजनाला, जमू लागले. तो प्रभूचा दिवस झाला."

"आणि सुट्टी?"

"सुट्टी पहिली तीनशे वर्षं नव्हतीच. पहाटे उपासना करायची आणि कामावर जायचं. सुट्टी पुढे एका रोमी बादशहाने दिली."

"म्हणजे शनिवार देवाचा, रविवार सरकारी."

"उपासना पुनरुत्थानामुळे, काका. सुट्टी तेवढी सरकारी."

"मग ऐका!" भावोजी ताडकन उठले. "शनिवारी तुमच्यासाठी उभा असतो, रविवारी तुमच्यात बसून पडदे सांभाळतो. मला देवाचीही सुट्टी मिळेना आणि सरकारचीही. दिवस कुठला का असेना, मला एक द्या!"

ताई बटण लावत होती, ती थांबली.  पाळक भावोजींच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "चुकलंच आमचं. विसावा सगळ्यांसाठी सांगितलाय, तुम्हाला तेवढं वगळून नाही. उद्या मी सगळ्यांसमोर सांगतो. रविवारी काकांच्या हातात कुणी रुमालसुद्धा द्यायचा नाही."

भावोजींचे डोळे पाणावले. ते खाली बसले आणि तीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी खुर्चीच्या पाठीला पाठ लावली.

पाळक दारापर्यंत गेले, घुटमळले आणि परत आले.

"फक्त, काका... हे सांगायला उद्या झगा घालून उभं राहावं लागेल. बाहीवर मेणबत्तीचं मेण सांडलंय. इस्त्री अजून कोमट असेल, तर तेवढं..."