नसलेल्याला मारलेली हाक

मी एक नाव आहे, आणि मीच बोलतोय. 'मो'. एवढंच. पुढे पदवी नाही, मागे आडनाव नाही. तेव्हा लिहिता कुणालाच येत नव्हतं, त्यामुळे माझ्या शुद्धलेखनावरून कुणी भांडलं नाही, हे माझं भाग्य.

समुद्राकाठच्या एका गुहेत मी जन्मलो. तिथल्या माणसांकडे शब्द होते: आग, दे, पळ, शिंपला आणि सगळ्यांत लाडका, 'माझं'. माणसाला मात्र नाव नव्हतं. समोर दिसतो तो दिसतो, नाव कशाला?

एका बाईची मुलगी चालायला लागली ती थेट खडकांकडे. घाबरून बाईच्या तोंडून मी निसटलो, "मो!" पोर वळून हसली. झालं माझं बारसं.

टोळीचा म्होरक्या दातपडका होता. तो गुरगुरला, "मला नाव नाही, आणि हिच्या पोरीला नाव! मोठी आली शहाणी!"

पुढे एका ओहोटीला सगळे शिंपले खरवडत असताना मोठी लाट आली आणि मोला घेऊन गेली.

बाई मला सोडेना. रोज खडकावर उभी राहून "मो! मो!" पोर सापडली असं वाटून सगळे धावत, आणि हात हलवत परत येत. शेवटी म्होरक्या भडकला. "गप! पोर नाही आता. नसलेल्याला हाक मारतात का कुठं? पुन्हा तो आवाज काढलास तर गुहेबाहेर जायचं!"

गुहेबाहेर म्हणजे तरसांच्या तोंडी. पण म्होरक्या विचारवंत होता. वस्तू गेली की शब्दही जायला हवा, असा त्याचा सिद्धांत.

त्याच दुपारी वादळ आलं, सगळे गुहेतच होते. बाई उठली, म्होरक्याच्या पायाकडे बोट करून म्हणाली, "मो. अंगठा."

त्यानं हात उगारला. तो तसाच राहिला.

"चावायची," तो पुटपुटला. "कडकडून चावायची, कार्टी."

कुणीतरी खुदकन हसलं. एक म्हातारी म्हणाली, "आणि माझे शिंपले पळवायची!" मग सगळेच बोलू लागले. पोर तिथं नव्हती, तरी सगळ्यांना तीच एक पोर दिसत होती. म्होरक्या रडला. डोळ्यांत धूर गेला, असं म्हणायचंही त्याला सुचलं नाही. खोटं बोलण्याची कला अजून बाल्यावस्थेत होती.

दुसऱ्या दिवशी प्रत्येकाला नाव हवं झालं. समोर नसलेल्या माणसाबद्दल बोलता येतं, हा केवढा मोठा शोध! ऊन चढायच्या आत अर्धी गुहा उरलेल्या अर्ध्या गुहेची निंदा करत होती. प्रगती म्हणतात ती हीच.

यथावकाश बाई गेली. मोला पाहिलेलं शेवटचं माणूसही गेलं. त्यानंतर मला कुणी उच्चारलं नाही. आता पंडित जुने जबडे मोजून माणूस कधी बोलू लागला यावर जाड पुस्तकं लिहितात. लिहोत बापडे. मला हाड नाही, मी सापडायचा नाही.

तुमच्या घरातही एखादं नाव असेल, सगळे टाळतात असं. तोंड तर तुमचं दिवसभर चालूच असतं. आज जेवताना ते नाव एकदा घ्या. घास अडकेल. अडकू दे.