उजव्या कानामागची रेघ

रामकुंडावर हजारो डोकी भादरली, पण देवराम न्हावी तान्ह्या पोराच्या जावळाला हात लावत नसे. विचारलं की म्हणे, "हात थरथरतो." कसला थरथरतोय! दाढी तर झोकात करायचा.

खरं कारण जुनं होतं. ब्याण्णव साली तो एका दवाखान्यात ऑपरेशनआधी डोकी भादरायचा. एकदा सहा महिन्यांचं पोर आलं. डोक्यात पाणी साचून टाळू फुगलेली. कानामागून पोटापर्यंत कातडीखालून नळी घालून ते पाणी उतरवायचं होतं, आणि मुंबईचे डॉक्टर पंधरा दिवसांतून एकदाच येत. देवराम वॉर्डबॉयशी गप्पा झोडत होता. वस्तरा घसरला, उजव्या कानामागे रक्त आलं. डॉक्टर भडकले, जखम भरेपर्यंत ऑपरेशन नाही म्हणाले. "बाई हलल्या," देवराम बोलून गेला. पोर मांडीवर धरलेली ती दिंडोरीची बाई नुसती बघत राहिली. पुढे मायलेकरांचं काय झालं, हे विचारायची त्याची छाती झाली नाही. ती नजर मात्र त्याची पाठ सोडीना, जेवायला बसला तरी.

सोळा वर्षांनी, दोन हजार आठ साली, आईच्या दहाव्याला आलेला एक मुलगा त्याच्यापुढे बसला. मावशीनं हाताला धरून बसवला. डोळे अधू होते.

"जपून हां काका, डाव्या कानामागं नळी हाय," मुलगा म्हणाला.

देवरामनं डावी बाजू हळुवार केली. कातडीखाली बटणाएवढी गाठ, तिथून मानेवर उतरलेली नळी. मग उजवीकडे वळला. केसांखालून पेराएवढी पांढरी रेघ निघाली. त्यानं वस्तरा उचलून धरला.

"गाव कंचं?"

"दिंडोरी."

"हे कशानं लागलं?"

"लहानपणी वस्तरा लागला व्हता. आई म्हणायची, मीच हलले, म्हणून ऑपरेशन लांबलं नि तुझे डोळे गेले. मरेस्तोवर हेच. शेवटी तर माझे पाय धरायची."

पोर जगलं, याचा आनंद करायलाही देवरामला तोंड उरलं नाही. म्हणजे ती नजर रागाची नव्हतीच. त्या माउलीनं त्याचं खोटं खरं मानलं होतं.

अर्धं डोकं तसंच राहिलं. देवरामनं वस्तरा खाली ठेवला.

"पोरा, तुझी आई हलली नव्हती रे. माझाच हात घसरला. मी खोटं बोललो."

मुलानं आवाजाच्या दिशेनं मान वळवली.

"धा दिस उशीर केलात, काका," तो म्हणाला.